पर्मनंट झालास, आता खोली सोड

दापोडीपासून चाकणपर्यंतच्या सगळ्या मुलखात, वेळेवर भाडं देणाऱ्या भाडेकरूला घराबाहेर काढणारी एकच घरमालकीण होऊन गेली, आणि ती आमची होती, हे मी आजही छाती फुगवून सांगतो. आम्ही भाडेकरू त्यांना आक्का म्हणत असू. आकुर्डीजवळची त्यांची शेती कारखान्यांसाठी गेली. भरपाई हातात येताच यजमानांनी शर्यतीचे बैल घेतले. ते बैल एकदाही पहिले आले नाहीत. उरलेला पैसा आक्कांनी कनवटीला लावला आणि घरामागे पत्र्याच्या आठ खोल्या उठवल्या. इथं राहायला कोण येतंय, म्हणून दीर हसले होते. पुढे खोल्या भरल्या आणि आक्का एकेक भरलेली खोली रिकामी करू लागल्या, तेव्हा त्यांचं हसू थांबलं.

मी मराठवाड्यातून आलेला. माझं आडनाव ऐकलं की समोर रिकामी दिसणारी खोली घरमालकाच्या भाच्यासाठी राखलेली निघे. इतके भाचे असलेला मुलूख मी दुसरा पाहिला नाही. आक्कांनी आडनाव विचारलंच नाही. "कंपनीत पर्मनंट हाईस का टेंपरवारी?" एवढंच विचारलं. मी खालमानेने टेंपररी म्हणालो आणि त्यांनी कुलूप काढलं. पर्मनंट माणसाला त्या खोली देतच नसत, आणि त्यांच्याकडे राहून जो पर्मनंट होई त्याने दिवाळीपर्यंत जायचं, असा नियम होता. आक्कांनी हाकललेल्या माणसांची आज आकुर्डीच्या अलीकडे एक आख्खी आळी आहे.

माझी पर्मनंटची ऑर्डर आली तेव्हा बायकोला सातवा महिना होता. निदान तिच्याकडे बघून तरी आक्का नियम मोडतील असं मला वाटलं होतं. पेढे घेऊन गेलो. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि दिवाळीपर्यंत खोली सोड म्हणाल्या. मला राग आला, बायकोला रडू फुटलं. तिला जवळ बसवून त्या म्हणाल्या, "पोरी, माझी जिमीन गेली तवा वाटलं पैका आला. पैका सरला तवा कळलं, जिमीन गेली. आता ह्याला पतपेढी कर्ज दील, आन् जागंचा भाव अजून आवाक्यात हाय. ही येळ लई दिस टिकत न्हाई. हितं सुखानं बसलात तर बसूनच ऱ्हाल."

जागा पाहायला त्या भर आषाढात निघाल्या. उन्हाळ्यात सगळीच जमीन गुणाची दिसते, असं त्यांचं ठाम मत होतं. पांढऱ्या शुभ्र कपड्यांतला एजंट रस्त्यावर उभा राहूनच प्लॉटची तारीफ करत होता. जरा मधी जाऊन दाखवा, असं आक्कांनी त्याला आर्जवाने सांगितलं. बिचारा गेला आणि गुडघ्यापर्यंत रुतला. त्याला मी ओढून काढत होतो, तेव्हा आक्का शेजारच्या उंचावरच्या जागेचा भाव त्यालाच विचारत होत्या. चिखलात अडकलेला माणूस फार घासाघीस करत नाही. तीच जागा आम्ही घेतली.

दिवाळीला आम्ही तान्ह्या मुलीसह स्वतःच्या घरात होतो. भिंतींना गिलावा नव्हता. आक्का आल्या, चपला बाहेर काढल्या आणि आधी जागेच्या चारही कडांनी अनवाणी फिरून आल्या. मग घरात आल्या, मुलीला मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता हितनं हलू नगंस." जन्मभर दुसऱ्यांना खोली सोड म्हणत आलेली बाई हे म्हणत होती.

परवा जागांचे व्यवहार करणारा एक गृहस्थ दारात आला. त्याने सांगितलेला भाव ऐकून बायको माझ्याकडे बघतच राहिली. विकायला याहून चांगली वेळ येणार नाही, असं तो म्हणाला, आणि हिशेबाने त्याचं खरंही असेल. पण आक्का जाऊन दोन वर्षं झाली. हलायची परवानगी आता मागायची कोणाकडे?