आईचे तंबाखूचे गाडगे

१९३६ साल, कार्तिक वद्य द्वादशी. आईच्या दहाव्याचे आटोपून आम्ही नदीवरून पाचोऱ्याच्या घरी आलो, तेव्हा कुंभार नवी मडकी मांडून ओट्यावर बसला होता. त्याला एक रुपया पाच आणे दिले. तेव्हा हजर होतो तिघे: माझे वडील आबा, थोरली बहीण आणि मी. त्यात दोन आणे एका लहान गाडग्याचे होते. ते आबांनी स्वतः निवडले, बोटाने वाजवून पाहिले आणि म्हणाले, "हाई तंबाखूले."

आमच्याकडे दहाव्याला घरातली जुनी मातीची भांडी बाहेर काढून फोडतात. आम्ही नदीवर असताना बहिणीने शेजारच्या बायकांच्या मदतीने ते काम उरकले होते. रांजण गेला, घागरी गेल्या, चुलीमागचे काळे गाडगेही गेले. रीतीप्रमाणे झाले ते. कोणाच्या मनात काही आले नाही, आबांच्याही नाही.

आबा गुडगुडी ओढत. दिवसातून दोनदा, सकाळी शेतावर जाण्याआधी आणि संध्याकाळी परतल्यावर. तंबाखू आई करायची. पान चुरायची, काकवी घालून उखळात कुटायची आणि गाडग्यात दाबून तोंडाला फडके बांधायची. मी कधी ओढली नाही, पण त्या वासात वाढलो. पिकलेल्या चिंचेसारखा आंबूस-गोड वास होता तो. आबा गावातून आले की आधी हात धुवायचे, मग म्हणायचे, "भर वं." आई निखारा ठेवून द्यायची. दोघांचे दिवसभराचे बोलणे बहुधा तेवढेच.

आबांच्या बटव्यातली आईच्या हातची तंबाखू मार्गशीर्षात संपली आणि बहिणीने केलेली नवी सुरू झाली. आबांनी दोन झुरके घेतले आणि गुडगुडी भिंतीला टेकवली.

"हाई तंबाखू नही शे. जिनमातली सरकी भरनी का रे?"

मी जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, काट्यावर वजने लिहीत असे, म्हणून हा टोमणा. मी हसलो. त्यांनी मात्र संध्याकाळी गुडगुडी मागितली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे पुढे जेवणही निम्म्यावर आले. पन्नास वर्षे संसार केलेल्या बाईसाठी हा माणूस रडला नव्हता. आता तो चुलीकडे पाठ करून बसू लागला.

माझा स्वभाव असा की गोष्ट बिघडली तर एकेक कारण काढून पाहायचे. आधी पान बदलले. धुळ्याहून चांगले काळे पान मागवले. मग काकवीचे माप बदलले, पानाच्या बरोबरीने, मग दीडपट. गोवरीचा निखारा धुराला वास लावतो म्हणून बाभळीचे कोळसे आणले. तंबाखू जळू नये, नुसती तापावी, म्हणून निखाऱ्याखाली खापरीचा तुकडा ठेवला. गुडगुडीचे पाणी दर वेळी बदलले, नळी सळईने साफ केली. आबांना म्हटले, "जरा हळू ओढा, चव येईल."

"तू माले ओढानं शिकाडस?" ते म्हणाले. पण हळू ओढून पाहिले. मग मान हलवली. "गोड शे. चव नही."

पौषात ते मला म्हणाले, "राहू दे रे. ती चव तिन्हासंगे गई." ज्या आवाजात ते म्हणाले, तो ऐकून मी रविवारी लहान रुळांच्या गाडीने पहूरला गेलो. तिथे मावशी होती, आईची थोरली बहीण. तीही गुडगुडी ओढायची, आणि दोघी बहिणी तंबाखू करायला एकाच आईच्या हाताखाली शिकलेल्या.

मी तिला माझी सगळी मापे सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"भाऊ, मापं झाली. इरजण कशानं लावं?"

"कसलं विरजण?"

"अरे, दहीले लावतस ना? जुनी तंबाखू मूठभर ठेवनी पडस. तिन्हावरच नवी. तुन्ही मायनं गाडगं कधी रितं व्हयनं नही." मग तिने विचारले, "ते गाडगं कोठे शे?"

मी सांगितले, दहाव्याला फोडले. मग आत जाऊन तिने आपले गाडगे आणले. पूर्वी कधी माझ्या आईच्याच गाडग्यातली मूठ घेऊन तिने ते भरले होते. तेव्हापासून तेही कधी रिते झाले नव्हते. त्यातले अर्धे तिने कुंभाराच्या त्या नव्या गाडग्यात घातले. ते मी बरोबर नेले होते.

त्यावर नवी तंबाखू दाबून चुलीमागे उबेला ठेवलेले ते गाडगे चैत्रात उघडले. फडके सोडताच घर आईच्या वासाने भरले. आबांनी एक झुरका घेतला, डोळे मिटले, आणि धूर सोडायचेच विसरले. खोकला आला. खोकताखोकता ते रडू लागले, आणि आम्ही ते खोकल्याचेच पाणी समजल्यासारखे केले.

उन्हाळाभर ते दिवसातून दोन्ही वेळा ओढत होते. आषाढात पायांवर सूज आली, दम लागू लागला. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली. तरी ते गाडगे उशाशी मागवत, फडके सैल करून वास घेत आणि पुन्हा बांधत.

श्रावणात मावशी त्यांना पाहायला आली. दोन दिवस राहिली. निघताना तिने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. मी गाडगे फडक्यात बांधून तिच्या हाती दिले. ती ओसरीवरून जाताना खाटेवर पडलेल्या आबांनी ते पाहिले.

"अक्का, काय लई चालनी?" त्यांनी मावशीला विचारले.

"संपत उनी, भाऊ. भरीसन आनस."

"भरेल गाडगं भराले?" आबा हसले. मावशीला हसता आले नाही. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "लई जाऊ दे रे तिले. आते या घरमा मडका फुटतीन."

त्यांनी हात पुढे केला. मावशीने गाडगे खाली धरले. त्यांनी फडक्यावरूनच त्याच्यावर हात ठेवला, आणि मग स्वतःच काढून घेतला.

भाद्रपदात आबा गेले. दहाव्याला नदीवरून परतलो तेव्हा तोच कुंभार ओट्यावर होता. त्याने रांजण दिला, घागरी दिल्या, मग लहान गाडगे पुढे सरकवले. "हे तंबाखूचं, भाऊ."

मावशी दारात उभी होती. मी म्हटले, "ते नको."

त्याने ते परत पाटीत ठेवले. मी त्याच्या हातावर एक रुपया तीन आणे ठेवले.