तिच्या घामातलं मीठ

आमच्या मुलीचा पापा घेतला की ओठांना मीठ लागायचं. धुळ्याच्या उन्हाळ्यात कुणाचं अंग खारट नसतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. झबल्याच्या गळ्यावर पांढरी रेघ उमटायची, ती मी साबणाची समजून पुन्हा खळबळून काढायची. भडगावहून सासूबाई आल्या. त्यांनी नातीच्या कपाळावर ओठ टेकले आणि हसत म्हणाल्या, "माय व, बठ्ठी पोर खारी शे!" सगळी पोरच खारट म्हणून आम्हीही हसलो.

पण खोकला जाईना. कितीही भरवलं तरी बरगड्या दिसायच्या. टीबी समजून औषधं झाली, आमच्यासारख्या बौद्ध घरातही कुणीतरी गुपचूप अंगारा आणून दिला. शेवटी पुण्याच्या डॉक्टरबाईंनी तिचा घाम तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आल्यावर आम्हाला दोघांना समोर बसवलं.

"प्रत्येक पेशीला पातळ पडदा असतो," त्या म्हणाल्या. "त्यातून पाणी, साखर, मीठ जात-येत राहतं. काही आपोआप जातं, काहींना ठरलेली वाटच लागते. हिच्या पेशींत क्षाराची एक वाट नीट तयार झालेली नाही. त्यामुळे घामातलं मीठ शरीराला परत घेता येत नाही, ते कातडीवरच राहतं. फुफ्फुसात उलटं होतं. तिथे क्षार बाहेर यायला हवा, तो येत नाही. मग त्याच्यामागून येणारं पाणीही येत नाही, आणि कफ डिंकासारखा घट्ट होतो."

"पण बरी होईल ना?"

"सांभाळता येईल," त्या म्हणाल्या. परदेशात नवी औषधं निघाली होती, पण हिच्या प्रकारच्या दोषाला ती लागू पडत नव्हती.

माझे मिस्टर ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. हाच पडदा ते दरवर्षी अकरावीला फळ्यावर काढून दाखवत. बाहेर आल्यावर दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "दोघांकडून आलं तरच होतं हे. अर्धं तुझं, अर्धं माझं." मी नुसता त्यांचा हात धरून बसले. त्या वर्षी तो धडा त्यांनी दुसऱ्या सरांना घ्यायला सांगितला.

मुलगी मात्र आमच्यापेक्षा खमकी निघाली. जेवणाआधी पचनाची कॅप्सूल गिळायची, मशीनची वाफ घेता घेता टीव्ही बघायची. मीठ भरपूर खायला डॉक्टरांनीच सांगितलेलं, त्यामुळे मैत्रिणींसमोर कैरीवर मुठीने मीठ घालून मिरवायची. पाचवीत असताना एकदा ओट्यावर खडू घेऊन बसली आणि वडिलांना म्हणाली, "पप्पा, माझी बंद वाट काढून दाखवा ना."

त्यांनी दुहेरी रेघ ओढली, मधे एक फट ठेवली आणि ती खडूने बुजवली.

ती वाकून बघत राहिली. "दुसऱ्या वाटा नाहीत?"

"आहेत. थोड्या आहेत."

"मग मी त्या वापरते." एवढं बोलून ती खेळायला गेली.

ती सातवीत असताना मे महिन्यात रावेरला नात्यातलं लग्न होतं. नको म्हटलं तरी हळदीला उन्हात नाचली. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, अंग ढिलं पडलं. घामावाटे मीठ निघून गेलं होतं. जळगावला नेऊन सलाईन लावलं, त्यातून ती उठली. पुढच्या हिवाळ्यातल्या न्यूमोनियातून नाही उठली.

शेवटच्या सकाळी धुळ्याच्या दवाखान्यात तिने मास्क बाजूला सारला आणि मला म्हणाली, "पप्पांना सांग, घरी जाऊन आंघोळ करा. वास मारतोय." शेजारीच बसलेले ते हसले, तिच्या डोक्यावर टपली मारून घरी गेले. परत आले तेव्हा ती गेली होती. अजून ते आंघोळीला जाताना दार लोटूनच घेतात, कडी लावत नाहीत.

पुढच्या वर्षी डॉक्टरबाईंचा फोन आला. दोंडाईच्यातल्या एका तान्ह्या मुलीला हाच आजार निघाला होता, आईवडील फार घाबरले होते. आम्ही जाऊ का, असं त्यांनी संकोचत विचारलं. मिस्टर लगेच उठले आणि एसटीची वेळ बघायला लागले.

कापडाच्या दुकानामागचं मुसलमान कुटुंबाचं छोटं घर होतं. विशीतली आई बाळाला छातीशी घट्ट धरून बसलेली. मी बाळाला मांडीवर पालथं घेतलं, हाताची ओंजळ केली आणि पाठीवर हलकेच थापट्या मारत कफ कसा सुटा करायचा ते दाखवलं. तिने करून पाहिलं. थापटी फारच हळू पडत होती, म्हणून मी माझा हात तिच्या हातावर ठेवला.

आमची मुलगी गेल्याचं तिला माहीत होतं. त्याबद्दल तिने काहीच विचारलं नाही. बाळाला परत कुशीत घेत म्हणाली, "ताई, ती शाळेत जायची?"

"जायची की."

"खेळायची?"

"खेळायची. भांडायची पण फार."

"कोणाशी?"

मी मिस्टरांकडे पाहिलं. "सगळ्यात जास्त माझ्याशी," ते म्हणाले, आणि बाळाच्या आईने खुर्ची ओढून जवळ घेत म्हटलं, "सांगा ना, भाऊ."