माडीवरची मंगल

उज्ज्वला गेल्याचा फोन तिच्या धाकट्या बहिणीने नंदुरबारहून केला, तेव्हा मसाटच्या आमच्या कारखान्यात आम्ही बायका डबे उघडून बसलो होतो. "ताई, आक्का गेली ओ…" एवढंच ती बोलली. काविळीने घात केला. त्याला महिना झाला.

मसाटजवळच्या नरोलीत आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. दुसऱ्या पाळीमुळे सगळ्यांचीच संध्याकाळची मालिका बुडायची. उज्ज्वला ती सकाळी मोबाईलवर बघायची आणि जेवणाच्या सुट्टीत रंगवून सांगायची. सांगता सांगता तिने मालिकेतल्या बंगल्याच्या माडीवर एक भाडेकरू आणून बसवली. मंगल, आमच्यासारखीच पॅकिंगला जाणारी. मालिकेत हिचा पत्ताच नव्हता! पण बायकांना ते कुठे ठाऊक? रविवारी पुन्हा दाखवलेले भाग त्यांनी डोळे फाडून पाहिले आणि सोमवारी आमच्यातली शारदा तणतणत आली, "आमच्या टीव्हीवर मंगलला कापून टाकतात!" उज्ज्वलाची हसून हसून पुरेवाट झाली.

मग ती मंगलच्या गोष्टी मोबाईलवर लिहून एका ॲपवर टाकू लागली. चाहत्यांनी अशा रचलेल्या गोष्टींना फॅन फिक्शन म्हणतात, हे तिथल्या वाचकांकडूनच कळलं. एकाने खडसावलं, दुसऱ्याच्या कथेत बाहेरचं माणूस घुसवू नये. मीही म्हटलं, "खरंच, कशाला गं ही मंगल?" तशी फणकारली, "एवढा मोठा बंगला शे, त्यामा आपलं एक माणूस मावत नही का?" इतकी वर्षं परक्या गावात भाड्याने राहिलेली बाई विचारत होती.

आजारी पडून गावी निघाली, त्या दिवशी तिने शेवटचा भाग लिहिला. मंगल सुट्टी टाकून गावी जाते आणि बंगल्यातल्या खाष्ट सासूबाई तिला वाटेसाठी लाडू बांधून देतात…

आता बायका माझ्या मागे लागल्या, मंगलला परत आण. लिहायला बसले. मंगल बसमधून उतरली, फाटक ढकललं, तोंड उघडलं, आणि उज्ज्वलाच बोलू लागली. मला पुढे लिहवेना. ओक्साबोक्शी रडले.

दुसऱ्या दिवशी जेवताना ते सांगितलं. शारदा म्हणाली, "नको आणू. सुट्टीवर आहे ना? राहू दे."

हल्ली मालिका मी सांगते. भाग संपला, की कुणीतरी विचारतंच, "आणि मंगल?"

"सुट्टी वाढवलीय तिने," मी म्हणते.