उशिरा लिहिलेली चिठ्ठी

कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत माझा दवाखाना आहे. इतकी वर्षं झालीत, की कुठल्या घरात कोणाचं काय दुखतं ते मला तोंडपाठ, असा माझा मोठा समज. त्या समजानंच घात केला.

गेल्या साली एक सून सासूला घेऊन आली. सासू सत्तरी ओलांडलेली, जन्मभर विड्या वळलेली. चार दिवसांपासून दिवसभर झोपतात, मधूनच घरच्यांनाच ओळखत नाहीत, आणि चादर सारखी चिमटीत धरून काहीतरी करत बसतात, असं सून सांगत होती. मी बघितलं. बोटं पदरावर खुडत, वळत चालली होती. मला हसूच आलं. म्हटलं, विड्या वळतायत की त्या, हात गप्प बसतील होय? सूनही हसली. वय झालं की व्हायचंच, असं म्हणून मी झोपेची गोळी लिहिली. बाहेर गर्दी होती.

सोलापुरात मोठ्या दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळा विभाग आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. हाड मोडलं, झटका आला, तर चिठ्ठी लिहिताना माझा हात अडत नाही. पण नुसतं 'बाई बदलली' एवढ्यावर धाडायचं, म्हणजे आपल्याला जमलं नाही हे कबूल करायचं. कसला मेला ताठा! सून परत आली, तेव्हाही थांब म्हणालो. आठव्या दिवशी म्हातारी मोरीत पडली, खुबा मोडला. मग लिहिली चिठ्ठी.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंचा फोन आला. लघवीत संसर्ग, त्यानं भ्रम, आणि वर माझी गोळी. बोटांचं ते खुडणंही भ्रमातलंच. माणूस चार दिवसांत बदललं तर ते वय नसतं, एवढंच त्या शांतपणे म्हणाल्या. मला रागही आला आणि लाजही वाटली.

ऑपरेशन झालं, भ्रम गेला, पण बाई काही उभ्या राहिल्या नाहीत. महिन्यानं मी त्यांना घरी बघायला गेलो. मुलगा बायकोशी अक्षर न बोलता उठून अंगणात गेला. मी निघालो तशी सून दारापर्यंत आली.

"डॉक्टर, आदीच तितं नेलं असतं तर चालल्या असत्या का?"

पुन्हा वयावर ढकलायचं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"बहुतेक चालल्या असत्या. तू दोनदा आलीस. चूक माझी आहे."

आता ही मला बोलेल, बोलावंच, असं वाटत होतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. सासू पडली तेव्हा ती तयार विड्या द्यायला कारखान्यात गेली होती. म्हातारीला एकटं टाकून गेली म्हणून नवऱ्यानं महिनाभर तिच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि तिलाही ते पटलं होतं.

"म्हंजे माझ्यामुळं न्हाय," ती अंगणातल्या नवऱ्याकडे बघत म्हणाली. "एवढं आमच्या मालकांना सांगता का?"