कपाटाची खालची बाजू

जिन्यावरून कपाट चढवायला दोन माणसं लागतात, एक वर आणि एक खाली. वरचा उलट्या पावलांनी चढतो, पायऱ्या सांगतो, वळण आलं की ओरडतो. खालचा बोलत नाही. त्याचा गाल कपाटाला टेकलेला, डोळ्यांसमोर नुसतं लाकूड, आणि सगळा भार अंगावर. मान असतो तो या खालच्याला. सामान हलवणाऱ्यांच्या जगात ही गोष्ट कुणी शिकवत नाही आणि कुणी विसरतही नाही.

या गोष्टीतला माणूस उभा जन्म खाली राहिला होता, म्हणून त्याला सगळे खांब म्हणत. बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणे. वर असायचा मास्तर. शाळेचं तोंड त्यानं फारसं पाहिलं नव्हतं. पण कुठल्याही जिन्याकडे एक नजर टाकून 'पलंग जाईल, टेबल अडकेल' असं तो सांगायचा आणि कुणी ऐकलं नाही तर चारचौघांत त्याची हजेरी घ्यायचा, म्हणून मास्तर. जोडी इतकी जुनी की खांबाची बायको मास्तरला तोंडावर 'सवत' म्हणायची.

जोडीचा एक नियम होता. जिन्यात सामान मध्येच टेकवायचं नाही. अगदीच जीव जातोय असं वाटलं तर 'टेकव' म्हणायचा हक्क फक्त खालच्याचा, आणि खांबानं तो आजवर वापरला नव्हता. मास्तरची आणखी एक लकब होती. शेवटची पायरी आली की त्याचा खरखरीत आवाज एकदम मऊ व्हायचा आणि तो म्हणायचा, "ये रे राजा." बस्स, एवढंच. तेवढं ऐकण्यासाठी खांबानं विहिरीतून हत्ती वर काढला असता.

आणि मग त्याच्या रक्तात साखर निघाली.

डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. म्हणाल्या, "पाव, भात, बटाटा, गोडधोड, सगळं बंद. अंडी खा, मासे, मटण, पालेभाज्या, लोणी खा, पोटभर खा. काम सोडू नका, अंग हलतं राहायलाच हवं. रक्तदाब तुमचा उत्तम आहे. पहिले काही आठवडे गळून गेल्यासारखं होईल, तेव्हा पाणी आणि..." पण 'सगळं बंद' या शब्दांनंतर खांबाला पुढचं धड काही ऐकूच आलं नव्हतं.

खांबाचं सगळंच टोकाचं. पथ्य करायचं तर असं, की पथ्यानंच हात जोडावेत. त्यानं पाव सोडला, भात सोडला, चहातली साखर सोडली. मग स्वयंपाकघरात उभं राहून त्यानं विचार केला: साखर एवढी घातकी, तर तिच्याच शेजारच्या बरणीतलं मीठ काय मोठं साधुसंत लागून गेलंय? तेही बंद. बायको म्हणाली, "अहो, मिठाचं कुणी सांगितलं?" खांब म्हणाला, "पथ्य म्हणजे पथ्य." या वाक्यापुढे त्या घरात कुणाचं काही चालत नसे.

दुपारी ट्रकच्या मागच्या उघड्या फाळक्यावर सगळे जेवायला बसत. मास्तर पावाची जाड कड दोन्ही हातांनी मोडायचा, तिचा कुरकुर आवाज व्हायचा, आणि खांब उकडलेल्या अंड्याकडे बघत राहायचा. एरवी मित्राच्या ताटात कधी न डोकावणारा हा माणूस आता मास्तरचे घास मोजू लागला. याला काही होत नाही, हा खातो मेला काय वाट्टेल ते, आणि साखर निघते माझी! घामानं तर अंगावरचा सदरा पिळून काढावा लागे. त्यात काम संपल्याशिवाय पाण्याला तोंड लावायचं नाही, ही या लोकांची जुनी खोड. पाण्यानं पोट जड होतं म्हणे. मीठ पोटात जात नव्हतं, अंगातलं घामावाटे चाललं होतं, आणि खांबाला वाटत होतं की आपलं पथ्य जोरात चाललंय.

एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आरशाचं कपाट न्यायचं होतं. दुसऱ्या वळणावर खांबाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण 'टेकव' म्हणण्यापेक्षा त्यानं मरण पत्करलं असतं. तो दात आवळून उभा राहिला. तेवढ्यात वरून मास्तर ओरडला, "टेकव रे! माझ्या हाताला कळ आलीये."

वरच्यानं 'टेकव' म्हणायचं! मागून खुर्च्या घेऊन येणारे गडी खो खो हसले. खांब भिंतीला पाठ लावून धापा टाकत होता, तरी हसण्यात त्यानंही भाग घेतला. "म्हातारा झालास," तो म्हणाला. मास्तर नुसता हात चोळत बसला.

आणि दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये मास्तरचा मेहुणा बसलेला.

मास्तरच्या बायकोचा हा भाऊ आधी गोदामात पोती वाहायचा. मान नव्हतीच त्याला, खांद्यांवरच डोकं ठेवलेलं. मास्तर इकडे तिकडे बघत म्हणाला, "काही दिवस खाली हा राहील. तू खोकी घे, सामान बांधायचे पट्टे बघ."

खांबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कळ याच्या हाताला आणि शिक्षा मला! पण भांडायला अंगात जोर तरी हवा. मूग गिळून तो खोकी उचलू लागला. उशांची खोकी. पडद्यांची खोकी. एका बाईनं तर त्याच्या हातात दिव्याची कापडी टोपी दिली आणि वर 'सांभाळून हं, काका' म्हणाली.

मेहुणा वाईट नव्हता, हीच खरी अडचण. वाईट असता तर खांबाला सोपं गेलं असतं. तो कामाला वाघ होता आणि जेवायला त्याहून मोठा. पावाची अख्खी लादी, बटाट्याची भाजी, वर गोड केक, आणि बोटं चाटत विचारायचा, "खांबदादा, तुमचं काय, पुन्हा अंडंच?" खांबाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याला मेहुण्याचा पाव डोळ्यांत खुपायचा, खांदे खुपायचे. सगळ्यांत जास्त काय खुपलं असेल तर एक दिवस जिन्यावरून खाली आलेला तो आवाज. उशा घेऊन खांब तळमजल्यावर उभा होता, आणि वरून मऊ, अगदी ओळखीचं ऐकू आलं, "ये रे राजा."

त्या दिवशी खांब घरी येऊन जेवला नाही.

"पोटात दुखतंय का?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"दुखतंय. आणि ते पथ्यानं नाही दुखत. आता तुम्हालाही सवत आली, म्हणून दुखतंय." ती हसली, पण त्याचा चेहरा बघून हसू तिथंच थांबलं. "चला उद्या डॉक्टरकडे. चालताना भिंत धरताय तुम्ही, मला दिसत नाही असं वाटतं?"

डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली, ती बरीच उतरली होती. मग रक्तदाब घेतला, तो फारच खाली गेलेला पाहून भुवया वर केल्या. "जेवणात मीठ किती घेता?"

"अजिबात नाही," खांब छाती पुढे काढून म्हणाला.

"ते कुणी बंद करायला सांगितलं?"

बायकोनं खुर्चीत हळूच वळून नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की डॉक्टरीणबाईंना पुढचं वेगळं विचारावं लागलं नाही. "पाव-भात सोडला की सुरुवातीला अंगातलं पाणी आणि मीठ भराभर जातं," त्या म्हणाल्या. "त्यात तुम्ही घाम गाळणारे. चक्कर येणार नाही तर काय होणार? मीठ घ्या, पाणी घ्या, कामाच्या मध्येही घ्या. आणि थोडा धीर धरा. अंगाला नव्या जेवणावर जोर काढायला वेळ लागतो."

त्या दिवसापासून खांबाच्या पिशवीत थर्मास आला. आत हाडांचं कढत, खारट सूप. चार घोट पोटात गेले की डोकं ठिकाणावर यायचं. जोर मात्र लगेच आला नाही. तो रोज खोकी उचलत राहिला, रोज जिने चढत राहिला, आणि हळूहळू एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की वर्षानुवर्षं दुपारी जेवल्यावर येणारी पेंग आता येत नाही. कमरेचा पट्टा आवळायला नवं भोक पाडावं लागलं. जिने धुणारी बाई म्हणाली, "दादा, दहा वर्षांनी लहान दिसताय." ते मेहुण्यासमोर म्हणाली, म्हणून खांबाला फारच गोड लागलं.

त्याच सुमारास मेहुण्याच्या डब्यातून पाव नाहीसा झाला.

"काय रे, आज लादी नाही?" खांबानं विचारलं.

"भूक नाही," मेहुणा तोंड फिरवून म्हणाला.

बरं झालं, खांबाला वाटलं. खरंच, अगदी तेवढंच वाटलं.

मग एक जडशीळ शिसवी कपाट आलं. चौथा मजला, अरुंद जिना. खांबानं सकाळीच मास्तरला सांगून टाकलं होतं, "मी आता ठणठणीत आहे. खाली मी." मास्तर कपाटाभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "आज माझा गुडघा धरलाय. वर तू जा. खाली तोच."

वर! खांबाला वाटलं, याच्यापेक्षा हातात दिव्याची टोपी दिली असती तर बरं. त्यानं मुकाट्यानं वरची कड धरली. अशा कामात रागानं बोललं की तोल जातो, म्हणून तो फक्त पायऱ्या सांगत राहिला. पायरी. पायरी. वळण, डावीकडे.

आणि तेव्हा त्याला ते दिसलं. इतकी वर्षं त्यानं लाकूड पाहिलं होतं. वरून लाकूड दिसत नाही. वरून दिसतो खालच्याचा चेहरा, पूर्ण, अगदी समोर. कपाळावरची शीर दिसते. ओठ दिसतात. लपवायला जागाच नसते.

तिसऱ्या मजल्यावर मेहुण्याचे ओठ पांढरे पडले. घाम थांबला. डोळे उघडे होते पण बघत नव्हते. खांबाला हा चेहरा आतून माहीत होता. पाव सोडलेला चेहरा. मीठसुद्धा सोडलं असणार गाढवानं, माझं बघून. आणि 'टेकव' म्हणणार नाही. मेला तरी म्हणणार नाही.

एक क्षण, खोटं कशाला सांगा, खांबाच्या मनात आलं की म्हणू दे. ऐकू दे सगळ्यांना. उद्यापासून खालची बाजू माझी.

"टेकव रे!" तो ओरडला. "माझ्या हाताला कळ आलीये."

मागचे गडी हसले. मेहुणा भिंतीला पाठ लावून खाली सरकला आणि धापा टाकत म्हणाला, "म्हातारे झालात, खांबदादा."

खांब हात चोळत उभा राहिला. हात अगदी उत्तम होता. मग पिशवीतला थर्मास काढून त्यानं मेहुण्यापुढे धरला. "पी. सगळं पी. कधी सोडलास पाव?"

मेहुण्यानं खाली बघत घोट घेतला. "आठवडा झाला. दाजी दिवसभर एकच लावतात. खांब असं धरायचा, खांब तसं वळायचा, खांब असता तर एव्हाना वर पोचलो असतो. त्यात तुम्ही असे बारीक झालात... म्हटलं, बघू तरी काय आहे त्यात."

आपण ज्याच्यावर जळत होतो, तो आपल्यावर जळत होता, आणि मास्तर मधे बसून पाव खात होता! थोड्या वेळानं मेहुण्याच्या ओठांना रंग आला. दोघांनी कपाट उचललं, सावकाश वर नेलं, दारातून आत घातलं.

खाली ट्रकच्या फाळक्यावर मास्तर पाय पसरून बसला होता. खांब त्याच्या शेजारी बसला.

"हात कसा आहे?" मास्तरनं विचारलं.

"तुझा होता तसाच," खांब म्हणाला.

मास्तर समोर रस्त्याकडे बघत राहिला. मग सरकून त्यानं खांबाला आणखी जागा दिली.

"उद्यापासून खाली मी," खांब म्हणाला. "त्याला बरा होईपर्यंत उशा उचलू दे. आणि एक सांगतो, रागावू नकोस. ते 'ये रे राजा' त्याला म्हणायचं नाही. त्याच्यासाठी दुसरं काहीतरी काढ."

"मी कुठे म्हणालो आज?" मास्तर म्हणाला. "शेवटच्या पायरीवर तूच म्हणालास. इथपर्यंत ऐकू आलं."