सगळ्यांचा एकच विचार

कोसबाडला आम्हा तलासरीच्या नर्सेसचं कामाच्या ताणावर प्रशिक्षण होतं. ताण घालवायला दिवसभर खुर्चीत कोंडतात, म्हणून मी सकाळपासून धुसफुसत होते. शिकवणाऱ्या मॅडमनी कागद वाटले. डोक्यात सतत घोळणारा एक विचार लिहा, मग तो खरा कशावरून आणि खोटा कशावरून, तेही लिहा.

आमच्यात कुठलाही फॉर्म आला की एकीने भरायचा आणि बाकीच्यांनी उतरवायचा. मी लिहिलं, ‘मी रजेवर गेले तर पाड्यावर कुणीतरी दगावेल.’ माझा कागद रांगेतून फिरून आला. मॅडमना सगळ्या कागदांवर तेच वाक्य सापडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कोरे कागद देऊन आम्हाला लांब लांब बसवलं. तरी निम्म्याहून जास्त जणींनी पुन्हा तेच लिहिलं.

‘खोटा कशावरून’ खाली मला काही सुचेना. तेव्हा शेजारच्या उपकेंद्राची सिस्टर उठून आली आणि माझंच पेन घेऊन तिने लिहिलं, ‘तुला टायफॉइड झाला तेव्हा पंधरा दिवस तुझे पाडे मी बघितले. सगळे जिवंत आहेत.’

मला एकदम हलकं वाटलं. थोडा रागही आला. पंधरा दिवसांत कुणाचंच माझ्यावाचून अडलं नव्हतं?

पुढच्या आठवड्यात ती रजेवर गेली आणि तिचे पाडे मी बघितले. अर्जात कारण म्हणून तिने लिहिलं होतं, ‘दमले आहे.’ ती परत आली तशी मी माझा अर्ज टाकला, तिचाच जसाच्या तसा उतरवून.