डबल बेलचा सुतार पक्षी

गल्लीत तिला सगळे डबल बेल म्हणतात. एकोणतीस वर्षं ती बसमध्ये कंडक्टर होती. घंटेची दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते. आणि ही बाई थांबण्यापेक्षा सुटण्यासाठीच प्रसिद्ध होती. मार्चमध्ये निवृत्त झाली तेव्हा डेपोतल्या लोकांनी तिला आरामखुर्ची दिली. त्या खुर्चीवर सध्या टॉवेल वाळतात.

घरात दोघीच. धाकटी बहीण शाळेत शिकवते. तिच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या दोन महिन्यांत ताईनं स्वयंपाकघरातल्या डब्यांची जागा चार वेळा बदलली आणि साखर शोधता शोधता तिला शाळेत उशीर होऊ लागला. शेवटी तिनं परगावी राहणाऱ्या आपल्या मुलाचा जुना कॅमेरा, लांब लेन्ससकट, ताईच्या गळ्यात अडकवला आणि मागचं दार उघडून दिलं. बाहेर पाखरं आहेत, ती मोज, म्हणाली.

ताईनं ते मनावर घेतलं. परसातल्या चिमण्या, भिंतीवर भांडणारे बुलबुल, टाकीवरची कबुतरं. पानगळ सुरू झाली तशी ती कालव्याकाठी आणि मागच्या टेकडीपर्यंत जाऊ लागली. टेकडी तांबूस होत चालली होती, कालव्यावरच्या झाडांनी पिवळा रंग धरला होता. तोवर दोन हजारांवर फोटो झाले. त्यांतला एकही धड नव्हता. चिमणी म्हणजे अंगठ्याचा ठसा, टेकडी म्हणजे सांडलेला चहा. डेपोच्या मोबाइल ग्रुपवर तिनं एक बुलबुल टाकला, तर तिच्या जुन्या ड्रायव्हरनं लिहिलं, 'आधी गाडी तरी थांबवायची.'

तिला वाटलं, लेन्समध्ये दोष आहे. कॅमेऱ्याच्या दुकानदारानं तिच्यादेखत समोरच्या पाटीचा फोटो काढला. पाटीवरचा गंजसुद्धा स्पष्ट आला. परक्यासमोर पोरं शहाण्यासारखी वागतात, तसंच याचं आहे, असं म्हणून ती कॅमेरा घेऊन परत आली.

परसाच्या भिंतीपलीकडे घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं घर आहे. त्याच्या अंगणात एक जुनं, पोकळ झालेलं झाड होतं. त्याच्या ढोलीत एक सुतार पक्षी झोपायला यायचा आणि सकाळी सहा पन्नासच्या सुमारास बाहेर पडायचा. ताईनं अकरा दिवस वेळा टिपून ठेवल्या. फरक चार मिनिटांहून जास्त नव्हता. आमच्या डेपोची एकही गाडी इतकी वेळेवर सुटली नाही, असं ती बहिणीला सांगायची, आणि त्या स्वरात पक्ष्याबद्दल आदर असायचा.

सोमवारी घड्याळजीकडे नगरपालिकेचं पत्र आलं. बुंधा कुजलाय, झाड रस्त्यावर झुकतंय, शुक्रवारी सकाळी नऊला तोडणार. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती: ढोलीच्या तोंडाशी बसलेला तो सुतार, पीस न् पीस मोजता येईल असा. हातात चार सकाळी होत्या.

मंगळवारी एकोणीस फोटो निघाले. एकात पक्ष्याला दोन चोची होत्या. घड्याळजी चहाचा कप घेऊन भिंतीपलीकडून बघत होता.

"बाई, एक सांगू? रागावणार नसाल तर."

"सांगा."

"तुम्ही हलता."

खांबासारखी उभी आहे मी, ती म्हणाली. घड्याळजीनं मान हलवली. पाय फाकलेले, आधी डावा गुडघा वाकतो, मग उजवा, मधेच कुणी ब्रेक मारल्यासारखं अंग मागे जातं, हे त्यानं शांतपणे सांगितलं. "जमीन जागेवर आहे. तुम्ही अजून गाडीत आहात."

 संध्याकाळी ती कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. मागे दिसणारी दाराची कडी तिच्या खांद्याआड जात होती आणि बाहेर येत होती. बहीण म्हणाली, फोनवर बोलतानाही तू अशीच डुलतेस, मला वाटायचं तुझी लकबच आहे. एका हातात तिकिटं, दुसऱ्या हातात पंच, त्यामुळे एकोणतीस वर्षांत तिनं दांडा असा कधी धरलाच नव्हता. धक्के येण्याआधीच अंग त्यांना जागा करून द्यायला शिकलं होतं. आता धक्के बंद झाले होते, पण ही बातमी पायांपर्यंत पोचली नव्हती.

बुधवारी तिनं आदल्या रात्री दुकानातून आणलेली कॅमेऱ्याची तिपाई लावली. कॅमेरा ढोलीवर रोखून ठेवला आणि स्वतः मागे येरझाऱ्या घालत राहिली. सुतारानं डोकं बाहेर काढलं तेव्हा ती दोरीवरच्या कपड्यांपाशी होती. धावत येऊन बटण दाबलं. रिकाम्या ढोलीचा फोटो आला, तोही तिरका.

गुरुवारी घड्याळजीनं स्टूल दिलं. कोपरं भिंतीवर टेका, श्वास सोडा, दुसरा घ्यायच्या आत दाबा. केसाएवढी स्प्रिंग बसवताना तो असंच करतो. ती चार मिनिटं बसली. मग पाय आपोआप उठले. कुठल्याही थांब्यावर याहून जास्त थांबायची सवय नव्हती. उद्या मी काढून देतो, तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहा, घड्याळजी म्हणाला. सांगण्यात उपकाराचा भाव नव्हता.

यावर ती दुपारभर खोल्यांतून फिरत होती. बहीण वह्या तपासत होती.

"ताई, तुला फोटोच हवाय ना? मग कुणी का काढेना."

"माझ्या स्टॉपवर दुसऱ्याला उतरवून मी घरी कशी पोचणार?"

बहिणीनं पुढची वही उघडली.

शुक्रवारी आभाळ भरलेलं होतं, उजेड कमी. झाड तोडणाऱ्यांचा ट्रक साडेसहालाच येऊन उभा राहिला होता. ती भिंतीपाशी आली, स्टूल पायानं बाजूला सारलं आणि आपल्या नेहमीच्या पद्धतीनं उभी राहिली: पाय फाकून, गुडघे सैल. सहा बावन्नला सुतारानं डोकं बाहेर काढलं. तिचं बोट हललं नाही. रस्त्यावर ट्रकची फळी आपटली, पक्षी उडाला, आणि तिचं अंग कमरेतून त्याच्याबरोबर वळलं, भरल्या गाडीत पुढच्या सीटपासून मागच्यापर्यंत तिकिटं बघत जावं तसं. सात फोटो निघाले.

सहा वाया गेले. सातव्यात पक्षी होता: डोळा, चोच, डोक्यावरचा लाल तुरा, मिटलेला पंख, सगळं रेखीव. बाकी चौकटभर नुसत्या पिवळ्या आडव्या रेघा.

घड्याळजीनं सवयीनं डोळ्याला भिंग लावून कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ न्याहाळला.

"पक्षी चोख आहे. झाड मात्र नाही आलं."

"आलंय की. एकोणतीस वर्षं मला झाडं अशीच दिसत आली आहेत."

त्यानं भिंग काढलं, पुन्हा एकदा पाहिलं आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. ढोलीतल्या पक्ष्याचा फोटो आता निघणार नव्हता, हे दोघांनाही कळत होतं. नऊला करवत सुरू झाली, अकरापर्यंत अंगण मोकळं झालं होतं. ते बघायला ती थांबली नाही. पक्षी कालव्याच्या दिशेनं गेला होता, म्हणून तीही तिकडेच गेली.

बहिणीनं फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा विषय काढला, तर आधी त्याचं नवं झाड सापडू दे, असं उत्तर मिळालं. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास ती कालव्याकाठच्या झाडांच्या ढोल्या बघत निघते. आतापर्यंत चौदा झाल्या. दोन ढोल्यांत घुबडं निघाली, एकीत मधमाश्या. मधमाश्यांचा फोटो आलाय. त्यात माश्या कुठल्या आणि हललेला हात कुठला, हे सांगता येत नाही.